उत्तर येत होतं, पण...

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आपले हळदीकुंकवाचे दिवस. तिळगूळ, वाण, अत्तरदाणी, गुलाबदाणी हे तर आपल्या आयांच्या वेळेपासून चालत आलेलं आहे. पण अलीकडे आपल्या उपनगरांतल्या महिला मंडळांनी त्याला एक छान जोड दिली आहे. ती म्हणजे प्रश्नमंजूषेची. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो की आमचं मुलुंड असो, सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या जातात, तीन-तीन जणींचे गट पडतात आणि कोणीतरी शाळेतल्या बाई हातात प्रश्नांचे कागद घेऊन उभ्या राहतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे बझर वगैरे कुठला असायला! प्रत्येक गटापुढे देवघरातली एक-एक घंटा ठेवली होती. उत्तर येईल त्या गटानं घंटा वाजवायची. माझ्या गटात आमच्याच मजल्यावरच्या एक वहिनी होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, मॅट्रिक होताच लग्न झालेलं, बोलणं बेताचं. प्रश्न आला, "मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची नावं सांगा."

वहिनींचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. पावसाळ्यात वर्तमानपत्रात तलावांच्या पातळीचा तक्ता येतो ना, तो त्या रोज वाचतात. का, तर पाणीकपात होणार की नाही हे आपल्यालाच आधी कळायला हवं! पण त्यांनी घंटेला हात लावला नाही. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो, मला काही नक्की नाही." मी तुळशी, विहार, तानसा असं पुटपुटत बोटं मोजू लागले आणि तेवढ्यात पलीकडच्या गटाची घंटा वाजली. आम्ही एका गुणानं हरलो.

जिना चढताना वहिनी थांबल्या. म्हणाल्या, "सातही येत होते हो मला. पण चुकलं असतं तर?"

मैत्रिणींनो, हा लेख त्या एका वाक्यापायी लिहायला घेतला आहे. कारण हे वाक्य वहिनींचं एकटीचं नाही. ते माझं आहे आणि बहुधा तुमचंही असेल.

फडताळात आहे, पण हाताला लागत नाही

कुणी फटाफट उत्तरं दिली की आपण लगेच म्हणतो, "काय हुशार आहे!" आणि आपल्याला वेळेवर आठवलं नाही की म्हणतो, "माझं डोकंच चालत नाही." पण ह्यात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींचा काला करून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे ज्ञानाचा साठा. आपल्या घरातलं फडताळ समजा. त्यात काय काय भरून ठेवलं आहे, तो साठा. दुसरी गोष्ट म्हणजे स्मरण. ऐन वेळी हवी ती बरणी चटकन हाताला लागणं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बुद्धी. बरणी सापडली नाही तर दुसऱ्या कशानं काम भागेल, हे ओळखणं. चिंच संपली तर आमसूल घालून आमटी करणारी बाई बुद्धी वापरत असते, नाही का?

साठा भरपूर असून वेळेवर न आठवणं हा काही मंदबुद्धीचा पुरावा नव्हे. "अगदी जिभेवर आहे हो!" असं आपण म्हणतो, त्या अवस्थेचा चक्क शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्‌नील ह्या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांचे अर्थ सांगून शब्द ओळखायला लावले. शब्द जिभेवर अडला तरी पुष्कळांना त्याचं पहिलं अक्षर सांगता येत होतं, शब्द केवढा लांब आहे तेही सांगता येत होतं. म्हणजे बरणी फडताळात होती, तिचं झाकणही दिसत होतं, फक्त हात पोचत नव्हता. माणसांच्या आणि गावांच्या नावांच्या बाबतीत तर हे फारच होतं, आणि वयाबरोबर थोडं वाढतंही. तेव्हा शेजारणीच्या जावयाचं नाव आठवलं नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

आणखी एक दिलाशाची गोष्ट. झटपट विचार करण्याचा वेग तारुण्यात सर्वांत जास्त असतो हे खरं. पण शब्दसंग्रह आणि जगाची माहिती ह्यांचा साठा पुढे कितीतरी वर्षं वाढतच राहतो. बुद्धीचे हे दोन प्रकार रेमंड कॅटेल ह्या मानसशास्त्रज्ञानं फार पूर्वी वेगळे करून दाखवले होते. २०१५ साली अमेरिकेत हजारो लोकांच्या चाचण्यांवरून पुन्हा हेच दिसलं, की शब्दसंग्रह साठीच्या पुढेसुद्धा भरात असू शकतो. म्हणजे कॉलेजातली मुलगी घंटा आधी वाजवील कदाचित, पण सांगण्यासारखं तुमच्याजवळ तिच्याहून जास्त असेल.

"नाव घे" म्हटल्यावर

मग अडतं कुठे? आठवा, लग्नात घास भरवताना सगळ्या जणी भोवती जमतात आणि कुणी आत्याबाई म्हणतात, "हं, घे आता नाव!" आठ दिवस आरशापुढे पाठ केलेला उखाणा त्या क्षणी कसा कापरासारखा उडून जातो! आणि पंगत उठली, आपण हात धुवायला गेलो की मोरीपाशी तो अख्खा आठवतो.

उखाणा विसरलेला नव्हताच. भीतीनं मन दुसरीकडे गुंतलं होतं. "लोक काय म्हणतील, चुकलं तर हसतील" ह्या विचारांनी डोक्यातली जागा अडवली की आठवणीला वाट मिळत नाही. थोडी धडधड कामाला हुरूप आणते, पण ती फार वाढली की काम बिघडतं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन ह्या दोघांनी उंदरांवरच्या प्रयोगांत १९०८ सालीच अशी गोष्ट नोंदवली होती. तुम्ही म्हणाल, उंदरांचं काय घेऊन बसलात! पण दहावीच्या परीक्षेला बसलेलं आपलं मूल पाहा, म्हणजे पटेल.

आणि आपल्या बाबतीत ह्या धडधडीला जुनी कारणं आहेत. लहानपणी भावानं चुकीचं उत्तर दिलं तर "धीट आहे पोरगा" आणि आपण दिलं तर "मध्ये मध्ये बोलू नको." लग्नानंतर चारचौघांत काही बोलायला जावं तर "तुला काय त्यातलं कळतं?" हे कुणी वाईट मनानं म्हणत नसेलही. पण वर्षानुवर्षं ऐकलं की ते आपण स्वतःलाच म्हणू लागतो.

करोडपतीच्या खुर्चीवरून

माझ्या पिढीला प्रश्नमंजूषेची गोडी लावली ती रेडिओनं. १९७२ साली सुरू झालेला बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आधी हमीद सयानी चालवत. १९७५ साली ते गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी ह्यांनी तो चालवला. मग १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा क्विझ टाइम आला. पण ह्या सगळ्यांत शाळा-कॉलेजांतली मुलं असायची आणि तीही फाडफाड इंग्रजी बोलणारी. आपण पोळ्या लाटता लाटता ऐकायचं, एवढाच आपला भाग.

३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि चित्र पालटलं. प्रश्न हिंदीत, खुर्चीवर तुमच्या-आमच्यासारखी माणसं. आणि हा खेळ रंगला कुठे, तर आपल्या अंधेरी-बोरिवलीच्या मधे, गोरेगावच्या चित्रनगरीत! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिला करोडपती झाला तोही मुंबईचा मराठी मुलगा, हर्षवर्धन नवाथे. तेव्हा तो सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करत होता. त्याला शेवटचा प्रश्न असा होता, की राज्यघटनेनुसार संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा ह्यांपैकी कोणाला आहे? उत्तर होतं, अॅटर्नी जनरल, म्हणजे भारताचा महान्यायवादी. त्याला दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मतदान मात्र करता येत नाही. राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणजे इथे साठा उपयोगी पडला.

आता दुसरं उदाहरण पाहा. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत मुलांची खिचडी शिजवण्याचं काम, महिन्याचं मानधन १,५०० रुपये. २०१९ साली त्या त्याच खुर्चीवर बसल्या आणि एक कोटी रुपये जिंकल्या. कोटीचा प्रश्न होता जहीर देहलवी ह्यांच्याविषयी. त्यांनी 'दास्तान-ए-गदर' हे पुस्तक लिहिलं, तर ते कोणत्या मुघल बादशहाच्या दरबारात होते?

आपल्यापैकी कितीजणींनी ह्या पुस्तकाचं नाव ऐकलं असेल? मी तरी ऐकलं नव्हतं. पण प्रश्न नीट ऐकला तर उत्तर प्रश्नातच दडलेलं आहे. गदर म्हणजे बंड. बंड म्हटलं की १८५७. आणि १८५७ साली दिल्लीच्या गादीवर कोण? बहादूरशाह जफर. पुस्तक माहीत नसलं तरी शाळेतल्या इतिहासाचं बोट धरून इथवर येता येतं. ही झाली बुद्धी, चिंचेऐवजी आमसूल!

त्याहून मला मोलाचं वाटलं ते त्यापुढचं. सात कोटींचा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांची खात्री नव्हती. त्यांनी खेळ तिथेच थांबवला आणि हातातला कोटी रुपया हातात ठेवला. आपल्याला काय येतं हे ओळखणं जितकं महत्त्वाचं, तितकंच काय येत नाही हे ओळखणं. बुद्धीची खरी परीक्षा इथे असते.

आणि मुंबईच्याच एका गृहिणीचं नाव सांगायला हवं. सनमीत कौर साहनी. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी ह्याच कार्यक्रमात पाच कोटी रुपये जिंकले. एवढं बक्षीस मिळवणारी ती पहिली बाई. त्याच वर्षी 'कोण होईल मराठी करोडपती' सुरू झालं आणि सचिन खेडेकर आपल्या भाषेत प्रश्न विचारू लागले. तेव्हा "इंग्रजी येत नाही" ही सबबही संपली.

ज्ञानाला नाव नाही म्हणून...

"पण त्या वाचणाऱ्या बायका असतील, आमचा दिवस तर स्वयंपाकघरातच जातो," असं म्हणणार असाल तर थांबा. जरा सांगा बरं, लवंग म्हणजे झाडाचा कोणता भाग? न उमललेली कळी. जायफळाच्या बीवरचं लाल वेष्टन कोणत्या नावानं आपल्या डब्यात असतं? जायपत्री. साबुदाणा कशाचा करतात? टॅपिओका नावाच्या कंदाचा. उपासाचा बटाटा मूळचा कुठला? दक्षिण अमेरिकेचा. आणि मिरची? तीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातल्या आमटीत तिखटपणा आणायला मिरी वगैरे होती, मिरची नव्हतीच. आणि रोज चिमूटभर वापरतो तो हिंग? एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो बव्हंशी अफगाणिस्तान, इराणकडून येतो. भारतात त्याची लागवड करायचा प्रयत्न हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये २०२० साली सुरू झाला.

ह्यातलं निम्मं तरी तुम्हाला येत होतंच. पण प्रश्नमंजूषेत ह्याला 'वनस्पतिशास्त्र' आणि 'इतिहास' म्हणतात. आपण त्याला 'वाणसामान' म्हणतो, एवढाच काय तो फरक. भाजीवाल्याशी हिशेब, तिथी-नक्षत्रं, कोणत्या आजाराला कोणतं पथ्य, रेल्वेची स्थानकं ओळीनं, नातेवाइकांच्या तीन पिढ्या, हे सगळं आपल्या डोक्यात असतं. त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही, म्हणून आपणही म्हणत नाही.

परवचा, भेंड्या आणि शास्त्रज्ञ

आता स्मरणाकडे वळू. पाठांतर कसं पक्कं करावं ह्याचं शास्त्र आपल्या आज्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांनी त्याचं पुस्तक लिहिलं नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती झालं की परवचा म्हणायचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, मग वार, महिने, तिथी, नक्षत्रं. रोज थोडं, रोज मोठ्यानं, आणि पुस्तकात न बघता.

जर्मनीचा हर्मान एबिंगहाउस ह्यानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा थोडं थोडं अंतर ठेवून म्हटलं तर जास्त टिकतं. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक ह्यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून, कागद मिटून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवणारे पुढे होते! म्हणजे वाचण्यानं साठा होतो, पण आठवण्याच्या सरावानं आठवतं. परवचा म्हणजे दुसरं काय होतं?

आणि भेंड्या? 'म' आला की 'म'चं गाणं, तेही समोरच्यांनी आकडे मोजून संपवायच्या आत! अमुक अक्षरावरून डोक्यातलं नेमकं काढून आणायचं, वेळेत आणायचं आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणायचं. संध्याकाळच्या बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात जी बाई बिनधास्त भेंड्या खेळते तीच हळदीकुंकवाला घंटेला हात लावायला कचरते, ह्याला काय म्हणावं?

सरावाच्या काही साध्या गोष्टी

ह्या वर्षी तुमच्या मंडळात प्रश्नमंजूषा असेल, किंवा करोडपतीसाठी नाव नोंदवायचं मनात असेल, तर एवढं करून पाहा.

१. वाचा आणि मिटा. पेपरातली एक बातमी वाचली की पेपर घडी करा आणि त्यातली तीन नावं, दोन आकडे मनात आठवा. कणीक मळता मळता होण्यासारखं काम आहे. अडलं तर पुन्हा बघा.

२. अंतर ठेवा. आज वाचलेलं उद्या आठवा, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं. कॅलेंडरच्या मागे दुधाचा हिशेब लिहितोच, तिथेच एका कोपऱ्यात लिहून ठेवा.

३. गठ्ठे बांधा. एकाच वेळी साताच्या आसपासच सुट्या गोष्टी मनात धरता येतात, असं जॉर्ज मिलर ह्यांनी १९५६ साली म्हटलं होतं. म्हणून सुट्या न ठेवता त्यांची जुडी बांधा. सात तलावांचंच घ्या. आपल्या घराजवळचे दोन, तुळशी आणि विहार. वैतरणा नदीवरचे तीन, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. आणि यमक जुळणारे दोन, तानसा-भातसा. दोन, तीन, दोन. झाले सात! आता जन्मात विसरणार नाही.

४. अडलं तर बाराखडीला शरण जा. नाव जिभेवर अडलं की क, ख, ग अशी अक्षरं मनात फिरवा. पहिलं अक्षर सापडलं की बहुतेक वेळा नाव धावत येतं. तरी नाही आलं तर सोडून द्या. ते भांडी घासताना येईल.

५. प्रश्न शेवटपर्यंत ऐका. साल, गाव, भाषा, 'पहिली', 'एकमेव' असे शब्द म्हणजे प्रश्नकर्त्यानं ठेवलेल्या खुणा असतात. 'दास्तान-ए-गदर'मधला 'गदर' आठवा.

६. गटात बोला. अमेरिकेतल्या अशाच कार्यक्रमाचे आकडे जेम्स सुरोवेकी ह्या लेखकानं २००४ साली दिले होते. घरच्या जाणकार मित्राला फोन केला तर सुमारे ६५ टक्के वेळा उत्तर बरोबर येई. समोर बसलेल्या साध्या प्रेक्षकांचं मत घेतलं तर ९१ टक्के वेळा! प्रेक्षकांना बहुतेक सोपे प्रश्न येत असतील हे खरं, तरी चार डोकी एकत्र आली की चुका एकमेकींत जिरतात. तेव्हा कुजबुज करायची ती कानात नको, तिघींना ऐकू येईल अशी करा.

७. शांत झोपा. आदल्या रात्री जागून घोकू नका. दिवसा वाचलेलं झोपेत मनात मुरतं, लोणच्यासारखं.

मुलांना मात्र पोपट करू नका

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. ह्या उत्साहात मुलांच्या मागे सामान्यज्ञानाची पुस्तकं घेऊन लागू नका. पाहुण्यांसमोर चार वर्षांच्या बाळाला "सांग सोन्या, जपानची राजधानी?" असं विचारून आपण टाळ्या मिळवतो. पण राजधानीचं नाव म्हणजे जपान नव्हे. उत्तर आलं की "कशावरून रे?" असा एक प्रश्न जोडा. आणि जो मुलगा चटकन उत्तर देत नाही त्याला मंद ठरवू नका. काही मुलं फडताळ सगळं नीट बघून मगच बरणी काढतात. त्यांनाही घर लागतंच ना!

उलट एक करून पाहा. मुलांनी तुम्हाला प्रश्न विचारावेत आणि तुम्ही उत्तरं द्यावीत. चुकलात तर हसा आणि "बघू या हं" म्हणून त्यांच्याबरोबर पुस्तक उघडा. आई चुकते आणि चुकून शिकते, हे मुलांनी पाहिलं तर त्यांचीही घंटेची भीती जाईल.

पुन्हा हळदीकुंकू

आमच्या वहिनींचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्या हरलेल्या दिवसानंतर आम्ही तिघींनी ठरवलं. दुपारी चार वाजता, चहा टाकला की, एकीनं दहा प्रश्न काढायचे आणि बाकीच्या दोघींनी उत्तरं द्यायची. अट एकच, "मला नक्की नाही" हे वाक्य उच्चारायचं नाही. उच्चारलं तर दुसऱ्या दिवशीचा चहा तिच्या घरी! पहिल्या महिन्यात सगळा चहा वहिनींच्या घरीच झाला. मग हळूहळू तो माझ्याकडे होऊ लागला.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा तोच हॉल, त्याच सतरंज्या. तिसऱ्याच प्रश्नाला घंटा वाजली. वहिनींनी वाजवली होती. त्यांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं आणि ते साफ चुकलं!

क्षणभर माझा जीव वर आला. पण वहिनी काय म्हणाल्या माहीत आहे? "बरं, मग बरोबर काय?" बाईंनी सांगितलं. वहिनींनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा घंटेवर हात ठेवला. आभाळ कोसळलं नाही. कुणी हसलं नाही. त्या दिवशी आम्ही दुसऱ्या आलो. वाण म्हणून मिळालेली स्टीलची डबी वहिनींच्या ओट्यावर अजून आहे, जिऱ्याची. त्यांचा लेक पूर्वी "आई, तुला नाही कळायचं" म्हणायचा. आता तो कोडं अडलं की पेपर घेऊन त्यांच्याकडेच येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, ह्या वेळी तुमच्यापुढे घंटा आली तर ती शेजारणीकडे सरकवू नका. उत्तर येत होतं, हे जिन्यात सांगून काय उपयोग? ते हॉलमध्ये सांगा.

घरच्या घरी प्रश्नमंजूषा

सुरुवात इथूनच करा. उत्तरं खाली आहेत, पण आधी झाकून ठेवा बरं का!

१. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा कोणत्या साली झाला?
२. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कोणती बौद्ध लेणी आहेत?
३. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा उंच कडा कोणत्या खडकाचा आहे?
४. घाटकोपर आणि अंधेरी जोडणारी मुंबईची पहिली मेट्रो केव्हा सुरू झाली? तिचं पश्चिमेकडचं टोक कोणतं?
५. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली भारतातली पहिली प्रवासी गाडी कुठवर गेली?
६. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांनी १८८६ साली कोणत्या शहरातून वैद्यकीची पदवी घेतली?
७. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन मुंबईत गिरगावात कोणता उद्योग सुरू केला?
८. केशर म्हणजे फुलाचा कोणता भाग?

उत्तरे : १. १९९० (१ ऑक्टोबर). २. कान्हेरी. ३. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. ४. ८ जून २०१४, वर्सोवा. ५. ठाणे. ६. फिलाडेल्फिया. ७. लिज्जत पापड. ८. स्त्रीकेसराची टोकं.

किती आली? चार आली तरी उत्तम. आणि जी चुकली ती चार दिवसांनी पुन्हा स्वतःलाच विचारा. मात्र मोठ्यानं!